पहिला श्वास महानंदाचा

सातलिंग म्हेत्रेच्या घरात नवी वस्तू आली, की तिला पहिला हात महानंदाचा लागायचा. मिक्सर आला तेव्हा पहिली शेंगाचटणी तिने फिरवली. बॅटरीची स्कूटर आली तेव्हा तिला चालवता येत नव्हती, तरी सातलिंगने तिचे दोन्ही हात हँडलवर ठेवून गाडी चार पावले ढकलली आणि मगच स्वतः बसला. "तुझा हात लागला की वस्तू टिकते," असे तो म्हणायचा. लग्नाच्या वर्षी त्याने चालू केलेला पंखा आठवड्यात जळाला होता आणि त्याच्या जागी तिने चालू केलेला पंखा अजून फिरत होता, एवढाच काय तो पुरावा.

हवेचे मशीन घरात आले तेव्हाही दुसरे काही झाले नाही.

सातलिंग सोलापुरातल्या एका सूतगिरणीत कायमचा रात्रपाळीला होता. रिंगखात्यात सूत कातणाऱ्या फिरत्या चात्यांच्या लांबच लांब रांगांमधून रात्रभर चालायचे, कुठे धागा तुटलेला दिसला की बोटांच्या एका झटक्यात जोडायचा आणि पुढे सरकायचे. सकाळी घरी येऊन झोपायचे. पण गेल्या वर्षापासून त्याला झोपून उठल्यावर झोपल्यासारखे वाटेना. एकदा तर तो रांगेत चालता चालता उभ्यानेच झोपला आणि लोखंडी खांबावर आपटला. रिंगखात्यात हसू झाले. "काय बे म्हेत्रे, खांबाला मुजरा घालालास काय?" असे फय्याज, त्याच्या शेजारच्या रांगेतला सोबती, महिनाभर विचारत होता. शेवटी दवाखान्यात एक रात्र तपासणी झाली. झोपेत श्वास थांबण्याचा आजार निघाला. डॉक्टर वागदरीकर बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि त्या चिठ्ठीवर इनामदारांच्या दुकानातून मशीन भाड्याने आले.

इनामदार स्वतः येऊन मशीन लावून गेले. जाताना घाईघाईत म्हणाले, "पेशंटशिवाय कुणी लावायचं नाही बरं का. चालू करून नुसतं पडायचं. बाकी सगळं ते शिकतंय."

असल्या सूचना प्रत्येक खोक्यावर असतात. मिक्सरच्या खोक्यावरही होत्या.

महानंदाने मशीन देवळीजवळच्या स्टुलावर ठेवले, त्याला विभूतीची तीन बोटे ओढली. सातलिंग म्हणाला, "लाव आता तू."

"मी कशाला? तोंडाला लावायची वस्तू ती."

"पाच श्वास घे आणि काढ. हात लावल्यासारखं होईल."

ती हसत हसत आडवी झाली. त्याने मास्क तिच्या नाकातोंडावर बसवला, पट्टा अंबाड्याच्या वरून ओढला. मशीन घुमायला लागले. पाच श्वास झाले, दहा झाले. "झालं की, काढ आता," असे म्हणून त्याने वाकून बघितले, तर महानंदा गाढ झोपली होती.

सातलिंग बघतच राहिला. आठवड्याच्या सुट्टीला तो रात्री घरी असायचा, तेव्हा तिचे घोरणे त्याने ऐकलेले होते. घोरता घोरता मध्येच ती एकदम गप्प व्हायची. मग बऱ्याच वेळाने गळ्यात काही अडकल्यासारखी दचकून श्वास घ्यायची. तो आवाज ऐकून तो खाटेवर उठून बसायचा. त्याने एक-दोनदा दवाखान्याचे काढले होते. "बाई घोरती म्हणून चिठ्ठी आणू का? सोयऱ्यांत कळलं तर आपल्या अर्चनाच्या सासूला तेवढंच पाहिजे," असे म्हणून तिने विषय मिटवला होता. अर्चना म्हणजे त्यांची एकुलती लेक, लातूरला दिलेली.

त्या दुपारी ती घोरत नव्हती. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. त्याला तिला उठवायचा धीर झाला नाही. दुपार गेली, संध्याकाळ झाली. त्याने स्वतःच भाकरी-चटणी डब्यात घातली आणि दार हलकेच ओढून तो कामावर गेला. सकाळी परत आला तेव्हा ती नुकती उठून खाटेवर बसली होती आणि हातात मास्क धरून त्याच्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "झोप अशी असती होय?"

*

त्या दोघांना तेव्हा ठाऊक नव्हते ते इथे सांगितले पाहिजे.

झोप लागली की अंगाचे सगळे स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. काही जणांचा घसा इतका सैल पडतो की हवेची वाटच मिटते. पाणी चालू असताना पाइपवर कुणी पाय द्यावा, तसे. छाती वरखाली होते, पण आत काही जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो. मग मेंदू घाबरून माणसाला ढोसतो, माणूस घुसमटून एक मोठा श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच. सकाळी त्याला काही आठवत नाही. डोके आणि डोळे तेवढे जड असतात. असे वर्षानुवर्षे चालले की हृदय थकते. मशीन करते ते एवढेच, की बेताच्या दाबाने हवा सोडत राहून ती वाट मिटू देत नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा असली की ती चपटी होत नाही, तसेच हे.

हा दाब माणसागणिक वेगळा. म्हणून मशीन भाड्याने घ्या की विकत, डॉक्टरची चिठ्ठी पूर्वीपासून लागायचीच. पुढे लोक एका चिठ्ठीच्या दहा प्रती काढायला लागले, मेलेल्या माणसाचे मशीन शेजाऱ्याला लावायला लागले. चुकीच्या दाबाने काही जण दगावले. तेव्हा नवा नियम आला आणि चिठ्ठी कागदावरून उठून मशीनच्या पोटात जाऊन बसली. प्रत्येकाच्या श्वासाला एक चाल असते. तो किती खोल जातो, कुठे रेंगाळतो, कुठे अडखळतो, हे बोटाच्या ठशासारखे ज्याचे त्याचे असते. नवे मशीन पहिल्या झोपेतला श्वास पाया म्हणून धरते आणि त्यावर रोज थोडे थोडे शिकत जाते. मास्कची सवय होईपर्यंत श्वास थोडा बदलतो, म्हणून तीन महिने ते कुणाला काही विचारत नाही. तीन महिन्यांनी मात्र आपल्या पोटातला श्वास दवाखान्यातल्या तपासणीच्या श्वासाशी ताडून बघते. जुळला तर चिठ्ठी आपोआप नवी होते. तिला श्वासचिठ्ठी म्हणत.

ते तीन महिने सातलिंग आणि महानंदा यांच्या संसारातले सगळ्यात चांगले गेले.

सकाळी तो यायचा, ती उठायची. मास्क ओल्या फडक्याने पुसायची आणि त्याच्या तोंडावर बसवायची. मास्क अजून उबदार असायचा, त्याला तिच्या खोबरेल तेलाचा वास असायचा. संध्याकाळी कामावर निघताना तो मास्क पुसून तिच्या हातात द्यायचा. जन्मभर एकाच खाटेवर वेगवेगळ्या वेळी झोपलेली ती दोघे, आता त्यांच्यात ही एक देवघेव सुरू झाली. सुट्टीच्या रात्री अर्धी रात्र तिची, अर्धी त्याची. महानंदा कडक भाकरी करून विकायची. पूर्वी तव्यापुढे तिचे डोळे मिटायचे, आता ती भाकरी थापताना गाणे म्हणायला लागली. सातलिंगला रिंगखात्यात एकही धागा तुटलेला सुटेना. फय्याज म्हणाला, "बे, खांब तुझी आठवण काढतोय."

मशीन बिचारे शिकत होते. दिवसा एक श्वास, रात्री एक श्वास. त्याने दोघांचा मिळून एक माणूस केला. असा माणूस पृथ्वीवर कुठेच नव्हता.

*

एके सकाळी महानंदाने पुसलेला मास्क त्याला लावला, तर मशीन दोनदा घुमले आणि थांबले. आतून बाईचा गोड आवाज आला, "माफ करा. हा श्वास ओळखीचा नाही."

"आगं, मीच हाय की," सातलिंग मास्कमधूनच म्हणाला.

पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग महानंदाने लावून बघितला. मशीन थोडे जास्त घुमले आणि म्हणाले, "माफ करा. ही चिठ्ठी आपल्या नावाची नाही."

दोघे तसेच मशीन पिशवीत घालून वागदरीकर बाईंकडे गेले. डॉक्टरबाईंनी ते आपल्या पडद्याला जोडले आणि त्यावरच्या रेघा पुढेमागे सरकवून बघितल्या. मग चष्मा काढून विचारले, "म्हेत्रे, पहिल्यांदा मास्क कुणी लावला होता?"

सातलिंगने महानंदाकडे बघितले, महानंदाने पदराकडे.

"मीच म्हणलं, तिचा हात लागू दे," तो म्हणाला. "आमच्यात तसं करतात."

"हात लागला असता तर काही नव्हतं हो. श्वास लागला." त्यांनी पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या. "ह्याचा पाया ह्यांच्या श्वासाचा आहे आणि चिठ्ठी तुमच्या नावाची. तुम्हाला ते ओळखत नाही आणि ह्यांना त्याची परवानगी नाही."

"मग तिच्या नावावर करा," सातलिंग म्हणाला. "श्वास तिचा हायच की आत. नाव तेवढं बदला."

"तपासणीशिवाय चिठ्ठी मला लिहिता येत नाही."

"मी माझं परत करतो. ते तिला द्या."

"परत केलंत तर ते ज्याचा नंबर आहे त्याच्याकडे जाईल. ह्यांच्याकडे नाही येणार." बाई महानंदाकडे वळल्या. "तुम्ही आधीच का नाही आलात?"

सातलिंगच म्हणाला, "बाईमाणूस घोरतंय, असं कुठं सांगायचं, म्हणून."

"माझी आईसुद्धा घोरायची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. मी कुणाला सांगितलं नव्हतं." मग त्या पुन्हा डॉक्टर झाल्या. मशीन कोरे करून सातलिंगच्या श्वासावर नव्याने शिकवायचे ठरले. चिठ्ठी तीन महिन्यांनीच नवी होणार होती, पण एकदा चूक झाल्यामुळे या खेपेला ते पहिल्या दिवसापासून श्वास ताडून बघणार होते. महानंदाची तपासणी लगेच होईल असे त्यांनी बघितले. त्या आठवड्यात एक खाट रिकामी होणार होती, तिच्यासाठी त्यांनी स्वतः फोन केला.

"चिठ्ठी मिळाली की तुमचं वेगळं मशीन," त्या म्हणाल्या. "मग हा प्रश्नच उरणार नाही."

घरी येताना महानंदा हलकी झाली होती. "दोन मशीनं झाली तर देवळीपाशी जागा पुरायची नाही," ती म्हणाली. "आणि माझ्या मशीनला पहिल्यांदा कुणी हात लावायचा नाही. तुम्हीपण नाही."

*

तपासणीचा निकाल घ्यायला दोघे गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी त्यांना बसायला सांगितले आणि स्वतः उभ्या राहिल्या. त्यावरूनच सातलिंगला कळले.

"आजार सौम्य निघालाय," त्या म्हणाल्या. "मशीन मिळण्याच्या रेषेच्या खाली."

"सौम्य म्हणजे चांगलंच की," महानंदा म्हणाली आणि थांबली. "नाही का?"

"तीन महिने तुम्ही मशीनवर झोपलात. रोज घुसमटून घुसमटून घशाला जी सूज आलेली असते, ती तेवढ्या दिवसांत उतरली. तपासणीच्या रात्री तुमचा घसा बरा होता. मशीननं बरा केलेला. पडद्यावर ते दिसत नाही. पडद्यावर फक्त बरा घसा दिसतो."

"पण आता मशीन नाही," सातलिंग म्हणाला. "म्हणजे सूज परत येणार."

"येणार."

"मग आल्यावर तपासा."

"सहा महिन्यांनी पुन्हा तपासता येईल. त्याआधी नियम परवानगी देत नाही."

सातलिंगला रागही नीट येईना. राग यायला समोर कुणी तरी वाईट माणूस लागतो. "म्हणजे आधी पुरतं बिघडू द्यायचं, मग चिठ्ठी द्यायची?"

डॉक्टरबाईंनी खिडकीकडे बघितले. "मी वर दोनदा लिहिलंय. हा नियम करणाऱ्यांनी दुसऱ्याचं मशीन लावून माणसं मरू नयेत म्हणून केला. दुसऱ्याचं मशीन लावून कुणी बरं होईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही." मग हळूच म्हणाल्या, "कुशीवर झोपवा त्यांना. पाठीमागे उशी लावा. संध्याकाळी हलकं खायला द्या. आणि रात्री कुणीतरी जवळ असू द्या."

*

मशीन आता फक्त सातलिंगचे होते. रोज सकाळी ते "नमस्कार, सातलिंगजी" म्हणायचे. महानंदाने मास्क पुसून द्यायची सवय सोडली नाही. पण आता मास्क गार असायचा.

आठ-पंधरा दिवस बरे गेले. मग हळूहळू सगळे परत आले, आणि पूर्वीपेक्षा जोरात आले. तिची चिडचिड वाढली. भाकरी थापताना मान खाली जायला लागली. एका दुपारी ती बसल्याजागी तव्यावर कलंडली आणि मनगटाची आतली बाजू भाजली. सातलिंग मास्क लावून शेजारच्या खोलीत झोपला होता. त्याला काही ऐकू गेले नाही. उठला तेव्हा तिने हाताला कोरफड बांधलेली होती आणि भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

"मला हाक मारायची की," तो ओरडला.

"मारली होती. मशीन घुमतंय की तुमच्या कानापाशी."

सातलिंगकडून ते ऐकून फय्याजने दुसऱ्या दिवशी टॉवेलात गुंडाळलेले एक मशीन आणले. त्याच्या चुलत्याचे, गेल्या वर्षी वारलेल्या. "भाभीला लावून बघू," तो म्हणाला. "कुणाला कळतंय?"

त्यांनी ते चालू केले. हिरवा दिवा लागला. महानंदाने मास्क लावला. मशीन घुमले, थांबले आणि म्हणाले, "हाजीसाहेब, खूप दिवसांनी भेट झाली. कृपया श्वास घ्या."

तिने श्वास घेतला.

"हाजीसाहेब, आपला श्वास मिळत नाही. कृपया श्वास घ्या."

फय्याजने पुढे होऊन वायर ओढली. त्याने मशीन पुन्हा टॉवेलात गुंडाळले, पण आणताना गुंडाळले होते तसे त्याला जमेना. "चहा नको भाभी," एवढे म्हणून तो गेला.

मग महानंदालाच एक कल्पना सुचली. सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ होती. "तुमचा श्वास मला पाठ हाय," ती म्हणाली. "इतकी वर्षं ऐकालेय. पहिला लांब, मग दोन तोकडे, मग नाक वाजतंय."

"माझं नाक वाजत नाही."

"मशीनला विचारा."

तिने मास्क लावला, डोळे मिटले आणि त्याच्यासारखा श्वास घ्यायला लागली. लांब, तोकडा, तोकडा, मग नाकातली बारीक शीळ. मशीन घुमले आणि म्हणाले, "नमस्कार, सातलिंगजी." दोघे इतके हसले की तिला मास्क काढावा लागला. पुन्हा लावला, पुन्हा नमस्कार झाला. तो खाटेच्या काठावर बसून राहिला. तिचा श्वास चालला होता, त्याचाच श्वास, लांब, तोकडा, तोकडा. त्याला वाटले, जमले. देवाने डोळा उघडला.

मग तिला झोप लागली.

जागेपणी माणूस कुणाचाही श्वास घेऊ शकतो. झोपेत मात्र ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. दोन-चार श्वासांतच तिची आपली चाल परत आली आणि मशीन बंद पडले. "हा श्वास ओळखीचा नाही," गोड आवाज म्हणाला. "पुन्हा असे आढळल्यास हे मशीन परत घेतले जाईल." ती दचकून उठली आणि विचारायला लागली, "किती वेळ झोपले मी? किती वेळ झोपले?"

तो म्हणाला, "बराच वेळ." ते खोटे होते.

*

सातलिंगने रात्रपाळी सोडली. जन्मात पहिल्यांदा त्याने पहिली पाळी मागून घेतली. रिंगखात्यातल्या लोकांना वाटले, म्हातारपणी बायकोची ओढ लागली. फय्याजने कुणाला काही सांगितले नाही. "दिवसा खांब स्पष्ट दिसतोय, म्हणून," असे म्हणून त्याने सगळ्यांना हसवले.

आता घर असे चालायला लागले. दुपारी सातलिंग घरी यायचा, जेवायचा आणि लगेच मास्क लावून झोपायचा. रोज ठरलेले तास मशीन वापरले नाही, तर तेही परत जाणार होते. मग दोघांपैकी एकालाही हवा उरली नसती. तो झोपायचा तेव्हा महानंदा जागी राहायची. दिवेलागणीला तो उठायचा. मग ती झोपायची आणि तो जागा राहायचा. इतक्या वर्षांनी दोघांना रात्र एकत्र मिळाली होती, पण एकाने झोपायचे आणि एकाने बसायचे, हे काही बदलले नाही.

तो खाटेशेजारी स्टूल घेऊन बसायचा. घोरणे सुरू व्हायचे, वाढायचे आणि एकदम तुटायचे. तो तिच्या खांद्याला हात लावायचा. ती घुसमटून श्वास घ्यायची, काहीतरी पुटपुटायची, पुन्हा झोपायची. पुन्हा तुटायचे. पुन्हा हात. रिंगखात्यात धागा जोडला की तो निदान काही वेळ चालतो आणि दुसरा कुठेतरी तुटतो. इथे एकच धागा होता आणि तोच तोच तुटत होता.

कधी कधी त्याला वाटे, अर्चनाला बोलावून घ्यावे. एकदा फोनही लावला. पलीकडून ती म्हणाली, "बाबा, आई बरी हाय ना?" मागे सासूच्या बोलण्याचा आवाज येत होता. महानंदा समोरून नको नको म्हणून मान हलवत होती. तो म्हणाला, "बरी हाय. झोपली हाय." दोन्ही खोटेच बोलून त्याने फोन ठेवला.

माणसाच्या अंगाची एक हद्द असते. दुपारची तुटकी झोप त्याला पुरेना. स्टुलावर बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटायचे आणि उघडले की तो तिच्या नाकापुढे बोट धरून बघायचा, किती वेळ गेला, ती आहे ना. मग त्याने गिरणीतून सूत गुंडाळलेल्या कोनावरचा थोडा दोरा आणला. एक टोक तिच्या चोळीच्या बाहीला, दंडापाशी बांधले, दुसरे आपल्या उजव्या हाताच्या बोटाला. दोरा ताणून धरला की तिच्या प्रत्येक श्वासाला बोटाला बारीक ओढ लागायची. श्वास अडला की ओढीची चाल बिघडायची आणि बोटाला कळायचे. आयुष्यभर त्या बोटाने तेच काम केले होते.

"मला वासरागत बांधून ठेवालाव," महानंदा म्हणाली.

"पळून जाशील म्हणून."

"कुठं जाते? लातूरला?"

ती हसली, पण झोपण्याआधी तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितले. त्याच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. त्या दिवशी गिरणीत त्याने तुटलेले धागे तसेच सोडले होते आणि फय्याजने गुपचूप त्याची रांग सांभाळली होती. हे त्याने तिला सांगितले नव्हते. कुणीतरी सांगितले असावे.

"उठवाल ना?" तिने रोजच्यासारखे विचारले.

"उठवतो की," तो म्हणाला.

*

त्याला जाग आली ती उजाडताना. चिमण्यांचा आवाज होता, पण लांबून, कापसातून आल्यासारखा. तोंडावर काहीतरी होते. त्याने हात लावला. मास्क होता. मशीन कानापाशी शांत घुमत होते. तो खाटेवर होता, पाठीमागे तिचीच उशी लावलेली, कुशीवर.

तो धडपडून उठला. बोटाला दोरा तसाच होता, ताणलेला. त्याने दोऱ्यावरून नजर नेली. दोऱ्याचे दुसरे टोक खाटेच्या पायाला बांधलेले होते.

"महानंदा!"

"ओरडू नका. हाय इथंच."

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून ताठ बसली होती. डोळे लाल, चेहरा सुजलेला, भाजलेले मनगट मांडीवर. तिच्यापुढे परातीत पीठ मळून ठेवलेले होते, तेही वाळायला लागले होते.

"तू झोपली नाहीस," तो म्हणाला.

"झोपले असते तर तुम्हाला उठावं लागलं असतं."

"रात्रभर?"

"तुम्ही स्टुलावरनं पडणार होताव. धरलं तरी जाग आली नाही तुम्हाला." ती भिंत धरून उठली. "मास्क लावला तर लगेच नमस्कार घातला त्यानं. ओळखीचा श्वास ना."

तेवढ्यात मशीन आपणहून बोलले. आवाज नेहमीसारखाच गोड होता. "शुभ सकाळ, सातलिंगजी. छान झोप झाली. आपली श्वासचिठ्ठी नवी करण्यात आली आहे."

"ऐकलाव का?" महानंदा म्हणाली. "पास झालाव."

तो वाकून खाटेच्या पायाची गाठ सोडायला लागला. तिने गाठ चांगली पक्की मारली होती. सहा महिन्यांतले अजून बरेच उरले होते आणि आज संध्याकाळी पुन्हा तो स्टुलावर बसणार होता, पुन्हा त्याचे डोळे मिटणार होते, नाहीतर तिचे. लांबून गिरणीचा पहिला भोंगा झाला.

"आज खाटेला बांधलास तर बघ," तो म्हणाला.

"मग तुम्ही झोपू नका."

त्याने दोरा बोटाभोवती गुंडाळून खिशात टाकला. मग मास्क काढला, ओल्या फडक्याने पुसला. मास्क उबदार होता. कामावर निघताना पूर्वी द्यायचा तसा त्याने तो सवयीने तिच्यापुढे धरला. तिचा हातही सवयीने पुढे आला.

दोघांचे हात तसेच राहिले. मग तिने आपला मागे घेतला आणि ती पिठावर पाणी शिंपडायला लागली.